अखर्चित माहात्म्य

आयुष्यात एकदाच माझ्या हातून सरकारचा पैसा वाचला, आणि तेही श्रेय माझं नाही. ते आमच्या विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागाचं, खरेदी विभागाचं, आणि या दोहोंच्या मधल्या जिन्यापाशी बसणाऱ्या आवक-जावकच्या मामांचं. २०१५ साली दिल्लीच्या एका संस्थेने मला संशोधनासाठी साडेअठरा लाख रुपये मंजूर केले. कोल्हापूरकडच्या जांभ्याच्या पठारांवर पावसाळ्यात उगवून दसरा-दिवाळीच्या सुमारास संपून जाणाऱ्या बोटभर उंचीच्या वनस्पतींचा तीन वर्षं अभ्यास करायचा, असा प्रस्ताव होता. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी विभागात पेढे वाटले. त्या उतावळेपणाची आज लाज वाटते. पेढे पैसे आल्यावर वाटायचे नसतात. ते परत गेल्यावर वाटायचे असतात.

आता निवृत्त झालोय, वेळ आहे आणि ऋण डोक्यावर आहे, म्हणून लिहितो. बाहेरून आलेला संशोधन-निधी विद्यापीठं कशी हाताळतात याबद्दल प्राध्यापक मंडळी फार वाईट बोलतात. कँटीनमध्ये बसून बोलतात, आणि चहाचं बिल कुठल्या हेडखाली जाईल याचा विचारही न करता बोलतात. पैसा मिळवणं ही संशोधकाची हुशारी, पण तो त्याच्यापासून सांभाळणं ही विद्यापीठाची, हे त्यांच्या लक्षात येत नाही. संशोधक मुळातच उधळा. ज्या कामासाठी पैसे मिळाले त्याच कामावर ते लगोलग खर्च करायला धावतो. अशा माणसाला मोकळं सोडलं तर काय होतं, याचे दाखले आपल्याच इतिहासात पडलेले आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यासाठी लाख रुपये देऊ केले. म्हणजे आजच्या भाषेत बाह्य निधीवरचा प्रकल्प. कामाचा मुहूर्त १९१९ च्या १ एप्रिलला झाला, आर्थिक वर्षाच्या पहिल्याच दिवशी. या साऱ्या प्रकरणात नियमात बसणारी तेवढी एकच गोष्ट. पुढचा सगळा बेबंद कारभार. मुख्य संपादक सुकथनकर, त्यांच्यामागून बेलवलकर, मग प. ल. वैद्य. म्हणजे प्रधान अन्वेषक चालू प्रकल्पात दोनदा बदलला. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली, पण त्यांतलं सर्वांत कमी दराचं कुठलं याचा तुलनात्मक तक्ता काही कुणी केला नाही. काम संपलं १९६६ साली. सत्तेचाळीस वर्षं! आम्हांला सहा महिन्यांची मुदतवाढ मागताना घाम फुटतो. आणि एवढं करून हाती काय, तर एकोणीस खंड, जे आता प्रत्येक ग्रंथालयाला झटकावे लागतात. एखादा तरतरीत लेखापाल तेव्हा असता तर प्रकल्प आदिपर्वातच थांबला असता आणि उरलेली रक्कम औंधला परत गेली असती. भारतीय युद्ध टळलं असतं, निदान छापील स्वरूपात.

मुंबईचं प्रकरण याहून गंभीर. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, की मूलभूत संशोधनाची एक संस्था काढायची आहे, साहाय्य करा. १ जून १९४५ ला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरूही झाली. पंधरा महिनेदेखील नाहीत. आमच्याकडे पंधरा महिन्यांत पत्राला आवक क्रमांक मिळतो, ते संबंधित टेबलावर जातं, आणि तोवर संबंधित टेबलाची बदली परीक्षा विभागात झालेली असते. हा अवधी फुकट जात नाही. या काळात माणूस आपल्या कल्पनेचा फेरविचार करतो. भाभांना ती संधीच मिळाली नाही. देशाच्या गळ्यात एक जागतिक कीर्तीची संस्था पडली, आणि ती आजतागायत खर्च करतेच आहे.

माझ्या बाबतीत असं काही घडू नये याची काळजी पहिल्या दिवसापासून घेतली गेली. मंजुरी जूनमधली. पहिला हप्ता विद्यापीठाच्या खात्यात ऑक्टोबरात आला. तो आला हे मला डिसेंबरात कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या प्रवासभत्त्याची चौकशी करायला गेलो म्हणून. मग प्रकल्पाचं स्वतंत्र बँक खातं, त्यासाठी टिपणी, टिपणीवर कुलसचिवांची मान्यता, त्या मान्यतेवर वित्त व लेखा अधिकाऱ्यांचा ‘चर्चा करावी’ हा शेरा, चर्चेसाठी वेळ, आणि चर्चेत निघालेला निष्कर्ष असा की टिपणी पुन्हा सादर करावी. खर्चाची परवानगी हातात पडली २२ फेब्रुवारीला. सोबत अट होती: सदर हप्ता ३१ मार्चपूर्वी खर्ची टाकावा.

आता ज्यांचा अभ्यास करायचा त्या वनस्पतींविषयी दोन शब्द. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम नखाएवढा. जून-जुलैत पठार भिजतं, खळग्यांत पाणी साठतं आणि त्या ओलीवर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, तेरडा, कवला हे सगळे भराभर उगवतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं वाळतं, बी कातळाच्या फटीत शिरतं, आणि संपलं. सीतेची आसवं तर अशा कंगाल जमिनीत राहतात की नत्र मिळवायला पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. म्हणजे अनुदानाची वाट पाहत बसत नाहीत. त्यांची ही बेशिस्त मला तेव्हा फार आवडायची.

मार्चमध्ये तिथे काय असतं? कातळ असतो.

हे सांगायला मी वित्त विभागातल्या भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी पानाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात माझा विषय इतक्या शांतपणे ऐकून घेणारा श्रोता दुसरा मिळालेला नाही.

“म्हणजे सर, तुमची फुलं मार्चच्या आत फुलत नाहीत.”

“नाही.”

“एप्रिलनंतरही लगेच नाही.”

“जुलैपासून.”

“मग तसं प्रस्तावात नमूद करायला पाहिजे होतं,” भाऊसाहेब म्हणाले, आणि नस्ती बंद केली.

तेव्हा राग आला. आता त्यांचा मुद्दा पटतो. १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष या देशात इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं आहे, आणि मोसमी पावसाला त्याची सवय करून घ्यायला पुरेसा अवधी मिळालेला आहे. ओळीने तीन वर्षं मी मार्चमध्ये पठारावर गेलो. हळूहळू उमगलं की मार्चमधलं पठार हा वनस्पतिशास्त्रातला अत्यंत दुर्लक्षित विषय आहे. जगातला एकही वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा तिथे नसतो, त्यामुळे स्पर्धा नाही. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून सप्टेंबरात तिथे गाड्या लावायला जागा मिळत नाही. मार्चमध्ये हवी तिथे लावा, रणरणत्या उन्हात. मी कोरड्या खळग्यांची लांबी-रुंदी घेतली. कातळावरचं दगडफूल पाहिलं. माझ्या संशोधनात ‘फूल’ हा शब्द आला तो असा.

टोपली कारवीचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. वार्षिक प्रगती अहवालात ‘उद्दिष्टपूर्तीची टक्केवारी’ असा रकाना होता. मी लिहिलं की टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि प्रकल्प तीन वर्षांचा आहे. अहवाल विद्यापीठामार्फत जातो, त्यामुळे तो वाटेतच परत आला. समासात शेरा: ‘उर्वरित चार वर्षांबाबत खुलासा सादर करावा.’ कारवीने अद्याप खुलासा दिलेला नाही.

पठारावर वाटाड्या लागतो. धनगरवाड्यावरचे एक मामा होते, साठीचे, ज्यांना तिथला प्रत्येक खळगा, झरा आणि कुठल्या दगडाखाली फुरसं असतं हे तोंडपाठ. दिवसाला तीनशे रुपये मागत. मी बिल लावलं, तर खरेदी विभागाने विचारलं, तीन कोटेशनं कुठे आहेत? इथे मला माझं अज्ञान मान्य करायला हवं. तीनशे रुपयांसाठी कोटेशन लागतं असं नियमात कुठे नाही. पण ‘एकूण कामाचे दिवस गुणिले दर’ असा हिशेब करून विभागाने ते मर्यादेच्या वर नेलं होतं. ही गुणाकाराची कल्पना माझ्यासारख्या विज्ञानाच्या माणसाला सुचायला हवी होती.

मी धनगरवाड्यावर गेलो.

“मामा, दरपत्रक लागतंय.”

“म्हंजे काय ओ मास्तर?”

“दिवसाला किती घेणार ते कागदावर लिहून अंगठा द्यायचा. आणि आणखी दोघांकडूनही तसंच आणायचं.”

“ते दोघं बी येनार?”

“नाहीत. नुसतं लिहून द्यायचं.”

मामांनी पटक्याचं टोक खोचलं. “मग पैसं कुनाला?”

“ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला.”

मामा बराच वेळ शेळ्यांकडे बघत राहिले. “मग मी कशापायी हिंडून दुसऱ्याचा कागद आनू?”

खरेदीच्या नियमांचं पुस्तक मी नंतर उघडून पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

शेवटी मामांच्या मेव्हण्याने साडेतीनशेचा कागद दिला आणि पुतण्याने अडीचशेचा. पुतण्या इचलकरंजीत मागावर कामाला होता. दहा वर्षांत तो पठारावर गेलेला नव्हता. अडीचशे हा त्याचा दर त्याने जायचं नाही या हिशेबाने लावलेला होता. पण तुलनात्मक तक्ता झाला, समितीने पाहिला, सर्वांत कमी दर मंजूर झाला आणि कार्यादेश रीतसर पुतण्याच्या नावे निघाला. तो बिचारा सुट्टी काढून, नवा शर्ट घालून आला. दुपारी बारा वाजता आम्ही वाट चुकलो. चार वाजता पाणी संपलं. संध्याकाळी मामाच आमच्या शोधात आले आणि हाताला धरून खाली घेऊन गेले. घरी पिठलं-भाकरी वाढली. त्यांना काही देऊ शकलो नाही, कारण त्यांचा दर मंजूर नव्हता, आणि पिठल्याला जीएसटी क्रमांकाचं बिल मिळत नाही. सरकारचे मात्र त्या दिवशी पन्नास रुपये वाचले. पुतण्याचे अडीचशे त्याला चौदा महिन्यांनी मिळाले. रद्द केलेला धनादेश जोडायचा राहिला होता, आणि त्यासाठी आधी त्याला धनादेश-पुस्तिका घ्यावी लागली.

सूक्ष्मदर्शकाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या घरी घडलेली असते. साडेचार लाखांचं यंत्र. दरपत्रकं फेब्रुवारी २०१७ मध्ये आली, खरेदी समितीची बैठक लांबत लांबत जूनवर गेली, आणि १ जुलैला देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. दरपत्रकांत जुना कर होता, म्हणून ती सगळी बाद. नवीन मागवली. तोवर सर्वांत कमी दरवाल्याने धंदाच बदलला होता. पुरवठा आदेश मार्च २०१८ मध्ये निघाला, यंत्र मे महिन्यात आलं. प्रकल्प ३१ मार्चला संपला होता. खोकं उघडायचं कोणत्या अधिकारात, हा पेच उभा राहिला, आणि तो न सोडवण्याचं शहाणपण सर्वांनी दाखवलं. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, खोक्यावर क्रमांक रंगवला गेला. दर वर्षी पडताळणीला माणूस येतो, क्रमांक वाचतो आणि समाधानाने जातो. यंत्राची एक वर्षाची वॉरंटी खोक्यातच पार पडली, एकाही बिघाडाविना. मी तीस वर्षांत इतकं जपून वापरलेलं उपकरण पाहिलेलं नाही.

हे फक्त आमच्याच विद्यापीठाचं कर्तृत्व असल्याचा समज होऊ नये. मागचे काही हात फार वरचे आहेत. आपला देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१ चा अधिकृत आकडा. एक टक्का व्हावा अशी भाषणं मी विद्यार्थिदशेपासून ऐकतोय. इतक्या भाषणांचा मारा सोसून आकडा जागचा हलू न देणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, आणि त्यांतले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, उद्योग आणि दानशूरांकडून यावेत अशी योजना. दुसऱ्याच्या खिशातला पैसा अखर्चित ठेवायला सर्वांत सोपा, ही गोष्ट आमच्या भाऊसाहेबांच्या पातळीवर केव्हाच कळलेली होती. दिल्लीला थोडा वेळ लागला.

मे २०२० मध्ये केंद्राने २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा बंद केल्या. ज्या भिंगाचा कारखाना देशात नाही ते भिंग देशातच शोधायचं, म्हणजे भिंग शोधायलाही भिंगच हवं. जून २०२५ मध्ये मात्र पडझड झाली. वैज्ञानिक संस्थांना कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख करून दिली, संचालक आणि कुलगुरूंना जागतिक निविदेचे अधिकार दिले. आमच्या विद्यापीठात ते परिपत्रक पोहोचलंय अशी कुजबुज आहे. पण आवक क्रमांक पडेपर्यंत ते वाचणं नियमबाह्य ठरतं, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

आणखी एका तेजस्वी कल्पनेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २०२४ साली देशातल्या काही नामांकित संस्थांना नोटिसा गेल्या की मिळालेल्या संशोधन-अनुदानावर वस्तू व सेवा कर भरा. म्हणजे संशोधन ही अनुदान देणाऱ्याला पुरवलेली सेवा झाली. सरकारने पैसे द्यायचे, संस्थेने काम करायचं, आणि काम केलं म्हणून सरकारलाच कर द्यायचा. यात एक प्रकारचं अद्वैत आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात जीएसटी परिषदेने घाईघाईने सूट देऊन टाकली. मला वैयक्तिक चिंता नव्हती. मी कोणालाही कसलीही सेवा पुरवल्याचा पुरावा नाही.

हल्ली केंद्राच्या योजनांत शून्य शिल्लक खातं असतं. पैसा खात्यात येतच नाही, नुसती खर्चाची मर्यादा येते, आणि ३१ मार्चला ती सूर्यासारखी मावळते. शून्याचा शोध आपल्याकडे लागला हे शाळेत शिकलो होतो, त्याचा उपयोग उतारवयात कळला. माझा प्रकल्प त्याआधीचा, जुन्या वळणाचा. त्यात पैसा खरोखर खात्यात यायचा आणि तिथे पडून राहायचा. त्यातूनच पुढचं सगळं उद्‌भवलं. पण तिकडे जाण्याआधी माझ्या विद्यार्थिनीविषयी.

प्रकल्पावर एक मुलगी संशोधन सहायक म्हणून होती, सांगलीकडची, हुशार. पाठ्यवृत्ती महिना २५,००० रुपये. पहिली रक्कम नवव्या महिन्यात मिळाली. तोवर ती घरून पैसे मागवायची आणि रोज सकाळी प्रयोगशाळेत जाण्याआधी वित्त विभागात एक फेरी मारायची. नंतर नंतर प्रयोगशाळेत जाण्याचं कारण उरलं नाही, कारण सूक्ष्मदर्शक नव्हता आणि नमुने मार्चमधले होते. ती तिकडेच बसू लागली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून ‘मान्यतेस्तव सविनय सादर’पर्यंतचं वाक्य एका दमात लिहू लागली. कुठल्या टेबलावर हिरवी शाई चालते आणि कुठे नाही, हे तिला विभागातल्या जुन्या लोकांपेक्षा अधिक कळायचं. पीएच.डी. झाली नाही. स्पर्धा परीक्षा देऊन एका लेखा कार्यालयात रुजू झाली. मध्यंतरी तिचा फोन आला होता. “सर, एका प्राध्यापकांची फाइल आलीय. सहपत्रांना पृष्ठक्रमांकच नाहीत. मी परत पाठवली.” मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी शिकलेलं लगेच वापरात आणणारी ती एकटीच.

तिसऱ्या वर्षाचा हप्ता १९ मार्च २०१८ ला आला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. २९ ला महावीर जयंती, ३० ला गुड फ्रायडे, ३१ ला शनिवार. अशा रीतीने १,७४,००० रुपये सुखरूप राहिले. उपयोगिता प्रमाणपत्र भरलं, तर ते नमुना चुकला म्हणून परत. मी सवयीने जुन्या वित्तीय नियमांतला १९-अ भरला होता. २०१७ च्या नियमांत तो १२-अ झालाय. मजकूर जवळपास तोच, अंक सातने कमी. पुन्हा भरला. मग रक्कम दिल्लीला परत पाठवायची टिपणी केली. तिला मान्यता मिळायला तीन महिने लागले, आणि तेवढ्यात बँकेने साडेतीन टक्क्यांनी तिमाही व्याज जमा केलं: १,५२२ रुपये. मुद्दल गेलं, व्याज राहिलं. व्याज परत करायला स्वतंत्र टिपणी लागते, कारण मूळ मान्यतेत व्याजाचा उल्लेख नव्हता. तिला आणखी तीन महिने लागले. तेवढ्यात १,५२२ वर व्याज आलं: १३ रुपये.

मी घाबरून गणित विभागातल्या मित्राकडे गेलो. त्याने कागदावर चार ओळी खरडल्या आणि म्हणाला, काळजी करू नकोस, ही श्रेणी अभिसारी आहे. तेरा रुपयांवर तिमाहीला अकरा पैसे होतात, ते बँक सोडून देते. म्हणजे प्रकल्प तेरा रुपयांवर स्थिर होणार. आणि झालाही. बँकेने खातं बंद करून ते तेरा रुपये विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात वळते केले. तिथून दिल्लीला पाठवायचे तर धनाकर्षाचं कमिशन तेरा रुपयांपेक्षा जास्त, आणि कमिशन ज्या हेडखाली टाकायचं तो हेड प्रकल्पाबरोबर संपलेला. वर्षं गेली. निवृत्तीच्या वेळी माझ्या ना-देय दाखल्यावर शेरा होता: ‘प्रकल्पाचे रु. १३/- प्रलंबित.’ त्या एका ओळीमुळे मी अजून विद्यापीठाचा आहे. बरोबर निवृत्त झालेल्या कुलगुरूंना आता गेटवरचा रखवालदार ओळखत नाही; मला दर महिन्याला कुणीतरी आठवणीने फोन करतं.

मागच्या आठवड्यात गेलो होतो. वित्त विभागात आता काचेचं काउंटर आहे, खाली अर्धगोल भोक ठेवलेलं, बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं. माझ्याच प्रकल्पाच्या ओव्हरहेडमधून झालेलं ते काम. साडेअठरा लाखांतली डोळ्यांना दिसणारी तेवढी एक गोष्ट, आणि काम चांगलं झालंय, काच अजून लख्ख आहे. नवीन भाऊसाहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी नस्ती काढून ठेवलेलीच होती. दोऱ्याने बांधलेली, एका हातात न मावणारी.

“सर, एक मार्ग निघू शकतो,” ते म्हणाले. “तुम्ही स्वतःच्या खिशातून तेरा रुपये रोख भरलेत तर मी पावती फाडतो आणि नस्ती बंद करतो.”

इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मी दहाची नोट आणि पाचचं नाणं भोकातून आत सरकवलं.

“सुट्टे तीन नाहीत?”

“नाहीत. राहू द्या वरचे दोन.”

भाऊसाहेबांनी नाणं उचललं, परत ठेवलं. मग पावती-पुस्तकावर पेन टेकवून त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं.

“सर, हे दोन रुपये कुठल्या हेडला घेऊ?”